हरिपूरचे पाच हजार

आज राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या 20,000 रुपयांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच हरिपूरहून एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्यातल्या प्रश्नाने आठवडाभर पाठ सोडली नाही. 2019 च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि सांगलीत दिलेल्या बहिणीच्या घरातही शिरलं. पंचनामा दोन्हीकडे झाला. बहिणीला 15,000 मिळाले, यांना 10,000. त्यांनी विचारलंय, आमच्या भांड्यांची किंमत कमी होती का?

सांगलीकरांना हरिपूर सांगायला नको. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, नाटककार देवलांचं गाव, हळदीची जमिनीखालची पेवं. सांगलीतून गप्पा मारत चालत गेलं तरी गाव येतं. पण सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली महापालिका झाली, त्या हद्दीत हरिपूर नाही. तिथे ग्रामपंचायत आहे. पाच हजारांचा फरक पडला तो एवढ्यावरून.

ऑगस्ट 2019 मध्ये राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना तातडीची मदत जाहीर केली. शहरी भागात कुटुंबामागे 15,000 आणि ग्रामीण भागात 10,000. त्यातले 5,000 रोख हातात, उरलेले बँकेच्या खात्यावर. सरकारी भाषेत हे 'सानुग्रह अनुदान', लोकांच्या तोंडी 'पुराचे पैसे'. मला लोकांचा शब्द जास्त बरोबर वाटतो. सानुग्रह म्हटलं की कुणीतरी कृपा केली असं ध्वनित होतं, आणि कृपेत कमी-जास्त झालं तर विचारायचं कुणाला?

पण हे आकडे येतात कुठून, हे एकदा नीट उलगडून पाहिलं पाहिजे. केंद्र सरकार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी दर ठरवून देतं. 2015 ते 2020 या काळातले दर असे होते: घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलं, तर कपड्यांसाठी 1,800 आणि भांडीकुंडी व घरसामानासाठी 2,000. एकूण 3,800. हा पाया सगळ्या देशाला सारखाच, त्यात गाव-शहर काही नाही. त्याच्यावर किती मजले चढवायचे ते ज्या त्या राज्याने स्वतःच्या तिजोरीतून ठरवायचं. त्याच पुरात कर्नाटकाने आपले 6,200 घातले आणि कुटुंबामागे 10,000 केले. म्हणजे राजापूर बंधाऱ्याच्या खाली, चिकोडी-अथणीकडच्या माणसाला तेवढेच मिळाले जेवढे हरिपूरच्या माणसाला. पूर्ण पडलेल्या घरासाठी मात्र कर्नाटकाने 5 लाख जाहीर केले, आणि आपल्याकडे त्या वेळी हा आकडा ऐकून पुष्कळांनी सीमेपलीकडे पाहिलं.

त्या ऑगस्टमधला दुसरा संतापही याच पायातून उगवला होता. दोन दिवस घर पाण्यात असेल तरच 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ, असा शासन निर्णय निघाला, आणि माणसं छपरावर बसलेली असताना तो सगळीकडे फिरला. ही अट मुंबईत कुणी एका रात्रीत रचली असं अनेकांना वाटलं. 'दोन दिवसांपेक्षा जास्त' हे शब्द केंद्राच्या दरपत्रकात आधीपासूनच होते. अट जुनी होती म्हणून ती बरी ठरत नाही. चुलीत पाणी शिरायला अर्धा तास पुरतो.

आता मूळ प्रश्न. शहराला पाच हजार जास्त का? शहरात महागाई जास्त, हे उत्तर कुणीही देईल. घरभाड्यापुरतं ते मला पटतं. ज्यांची घरं पूर्ण पडली त्यांना भाड्यासाठी शहरात 36,000 आणि गावात 24,000 ठरले, त्यात तक्रारीला जागा नाही. सांगलीत खोली घ्यायला पैसे जास्त पडतातच. पण पातेलं, गादी, मुलांची दप्तरं? हरिपूरचा माणूस ती घ्यायला सांगलीच्याच बाजारात जातो आणि शहरातल्या दत्तनगरच्या किंवा सूर्यवंशी प्लॉटच्या माणसाशेजारी उभा राहून तोच भाव मोजतो. शिवाय खेड्यातल्या घरात वर्षाची ज्वारी पोत्यांत भरलेली असते. शहरातलं कुटुंब महिन्याचं किराणा सामान हरवतं, गावातलं वर्षाचं धान्य. पाण्याने फुगलेलं आणि आंबलेलं ज्वारीचं पोतं ज्यांनी नाकाला पदर लावून उकिरड्यावर ओढत नेलं, त्यांना हे मी सांगायला नको. भिजलेला कडबा, वाहून गेलेलं सरपण हा हिशेब आणखी वेगळाच.

गंमत अशी की दुसऱ्या एका योजनेत गाव-शहराची हीच वेस उलटी पडते. 2005 साली आलेली जननी सुरक्षा योजना घ्या. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर गावात राहत असेल तर 700 रुपये आणि शहरात राहत असेल तर 600. उत्तर प्रदेश, बिहारसारख्या, दवाखान्यातली बाळंतपणं कमी असलेल्या राज्यांत ते 1,400 आणि 1,000. गावाला जास्त, कारण दवाखाना लांब, जीप करावी लागते. पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या बाईला हा हिशेब अगदी चपखल लागू पडतो, 700 तरी तिला पुरत नाहीतच. हरिपूरची बाई मात्र सांगलीच्या सिव्हिलला रिक्षाने थोड्या वेळात पोचते आणि तिला 100 जास्त. म्हणजे एकच वेस तिला बाळंतपणात 100 रुपये देते आणि पुरात 5,000 काढून घेते.

मदत अशा वेशींवर सोडली की काय होतं ते पाहायला इंग्लंडकडे बघावं. तिथे गरिबाच्या घरातला चुलीसारखा, पलंगासारखा एकदाच येणारा खर्च भागवायला देशभराचा सोशल फंड होता. एप्रिल 2013 पासून त्यातला मोठा भाग बंद करून काम स्थानिक कौन्सिलांवर सोपवलं, आणि पैसे त्याच कामाला वापरायची सक्ती ठेवली नाही. काही कौन्सिलांनी योजना पुढे गुंडाळूनच टाकली. स्कॉटलंडने मात्र स्वतःचा निधी सगळ्या स्कॉटलंडभर सारख्या नियमांनी चालवला. मला आपल्यासाठी स्कॉटलंडचा धडा जास्त मोलाचा वाटतो.

आणि तो आपल्याकडेही गिरवला गेला आहे. जुलै 2021 मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुन्हा 50 फुटांच्या वर गेली (इशारा 40 ला, धोका 45 ला, 2019 मध्ये 57 च्याही वर). त्याच दिवसांत साताऱ्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेवर डोंगर खचले. ऑगस्टच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने जे ठरवलं त्यात कपड्यांना 5,000 आणि भांड्यांना 5,000, असे कुटुंबामागे 10,000 होते. गावाला वेगळे आणि शहराला वेगळे नव्हते. दोन वर्षांत ती वेस पुसली गेली, म्हणजे ती पुसता येत होती. हरिपूरच्या वाचकाला माझं उत्तर हेच: तुमची भांडी स्वस्त नव्हती. तुमचं घर कागदावर खेडं होतं, आणि 2019 च्या निर्णयाने भांडी मोजताना घरभाड्याची फूटपट्टी लावली.

पुढच्या आठवड्यात नक्की कुटुंब लाभ. कर्ता माणूस गेला की मिळणारे हे 20,000 हरिपूरला तेवढेच आणि जतलाही तेवढेच, पण उत्तर प्रदेशात 30,000. जत, आटपाडी, माण, खटावच्या वाचकांपैकी कुणी घरच्यासाठी हा अर्ज केला असेल, तर तहसीलला किती खेपा झाल्या आणि एसटीला किती पैसे गेले तेवढं कळवा. तो आकडा मला 20,000 तून वजा करून पाहायचा आहे.