चिखल जातो, साबण राहतो

इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या लाँड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायच्या दुकानात, यंत्रांजवळ अनेकदा एक पाटी दिसते: घोड्यांच्या झुली धुण्यास मनाई. एका झुलीचे केस गाळणी तुंबवतात, चिखल ड्रममध्ये बसतो, बकलं आतल्या पत्र्यावर आपटतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या चादरींना तबेल्याचा वास लागतो. या झुलींसाठी तिथे वेगळी धोबीघरं आहेत. एखाद्या शेतावरच्या जुन्या कोठारात दोन-तीन मोठी औद्योगिक यंत्रं, छताला टांगलेल्या दांड्या, कोपऱ्यात जाड कापडाचं शिलाईयंत्र, एवढ्यावर हा धंदा चालतो.

आपल्याकडे झूल म्हटली की पोळ्याचा बैल आठवतो. तिथली झूल सणाची नाही, रोजच्या वापरातली आहे. थंडीपुरती दाट लव घोड्याला निसर्गच देतो. पण हिवाळ्यात त्याला दौडवायचं तर त्या लवेत घाम मुरतो आणि लवकर सुकत नाही, म्हणून अंगावरचे केस कातरतात. केस गेले की थंडी बाधते, म्हणून झूल घालतात. कुरणात सोडताना घालायची जलरोधक झूल वेगळी, तबेल्यातली उबदार वेगळी, दौडीनंतर घाम टिपणारी फ्लीसची वेगळी आणि उन्हाळ्यात माश्यांसाठी जाळीची वेगळी. एका घोड्यामागे चार-पाच झुली सहज जमतात.

पूर्वी हे प्रकरण साधं होतं. ऑक्सफर्डशायरमधल्या विट्नी गावच्या लोकरी घोंगड्या घोड्यांच्याही पाठीवर पडत. त्या गावातली अर्लीज ही प्रसिद्ध गिरणी 2002 साली बंद झाली. तबेल्यात रात्री घालायच्या झुली तागाच्या असत, आतून लोकरीचं अस्तर लावलेल्या. ब्रिटनमधल्या तागाच्या कापडाचं मोठं केंद्र स्कॉटलंडमधलं डंडी, आणि तिथल्या गिरण्यांचा कच्चा ताग बंगालमधून जाई. बाहेरच्या पावसासाठी ‘न्यूझीलंड रग’ नावाची जाड कॅनव्हासची झूल होती. तिला यंत्रात घालायची सोय नव्हती. चिखल वाळू द्यायचा, ब्रशनं झाडायचा आणि कापडाला पुन्हा मेण लावायचं.

आताची झूल पॉलिएस्टर किंवा नायलॉनची असते. कापडाची ताकद डेनिअरमध्ये सांगतात. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. साध्या झुलीला 600, दणकट झुलीला 1200 किंवा 1680. बाहेरच्या कापडाला आतल्या बाजूनं बारीक लेप असतो. तो पावसाचं पाणी अडवतो, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. त्याखाली तंतूंचं भरण आणि केस न घासणारं गुळगुळीत अस्तर. सगळी मेहनत या लेपाला जपण्यासाठी.

झूल आली की आधी पावती टाचतात, मग फाटकं-तुटकं पाहतात. वाळलेला चिखल ब्रशनं झाडतात, अस्तराचे केस खरवडून काढतात. ओल्या चिखलाला हात लावत नाहीत, कारण घासल्यानं तो धाग्यांत आणखी रुततो. कातडी पट्टे काढून ठेवतात, बकलं लावून झूल गुंडाळतात. पाणी 30 अंशांच्या आसपास. जास्त गरम पाण्यानं लेप सुटतो. वाळवायच्या यंत्राची उष्णताही त्याला सोसत नाही, म्हणून झूल दांडीवर टांगून हवेवरच सुकवतात. भरण आतपर्यंत सुकायला वेळ लागतो. घाई करून घडी घातली तर पावसाळी बुरशी ठरलेली.

पण धोबीघराचं खरं कौशल्य मळ काढण्यात नाही, साबण काढण्यात आहे. बाहेरच्या धाग्यांवर पाणी झटकणारा थर असतो, त्यामुळे पावसाचे थेंब गोळी होऊन घरंगळतात. साबणाचं काम नेमकं उलटं, पाणी कापडाला चिकटवायचं. साबणाचा अंश धाग्यांत राहिला तर तो पुढच्या पावसातही तेच काम करत राहतो. बाहेरचं कापड भिजून जड होतं, वाफेला वाट मिळत नाही आणि घाम आतच साचतो. मालक अस्तराला हात लावतो, ओल लागते आणि तो ठरवतो की झूल गळते. मग दुप्पट पावडर टाकून ती पुन्हा धुतो, म्हणजे दुखणं वाढवतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण तर त्याहून वाईट, घाम टिपणाऱ्या फ्लीसलाही ते निकामी करतं. म्हणून जाणते लोक सौम्य द्रावण वापरतात, पाणी वारंवार बदलतात आणि शेवटी पाणी झटकणारा थर नव्यानं चढवतात.

नायटा झालेल्या घोड्याची झूल वेगळी ठेवतात. त्या बुरशीचे बीजाणू कापडात महिनोन्‌महिने जिवंत राहतात, कोमट पाण्यानं मरत नाहीत. तिथे बुरशीनाशक लागतं, आणि झूल अदलाबदल करायची सवयही सोडावी लागते.

वसंतात घोडे झुलीतून मोकळे झाले की कामाचा पूर येतो. ज्यांना सप्टेंबरमध्ये जाग येते, त्यांना रांगेत थांबावं लागतं. फाटलेली झूल बहुतेक ठिकाणी धुतल्याशिवाय शिवत नाहीत. यंत्राच्या सुईखाली वाळू आणि शिवणाऱ्याच्या नाकाशी मूत्राचा उग्र दर्प कोण घेईल?

नॉर्वेतल्या संशोधकांनी 23 घोड्यांना तीन चिन्हं शिकवली होती: झूल घाला, काढा, आहे तसं राहू द्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घोड्यांनी हवामान पाहून उत्तरं दिली. ऊन असताना झूल काढायला सांगितली, थंड पावसात मागून घेतली. त्यांना झुलीकडून हवी असते ती कोरडी ऊब. पैसे देणारा मालक मात्र पांढऱ्या काठावरचा पिवळा डाग शोधतो आणि नाक लावून वास घेतो. जुना डाग घासून काढायच्या नादात लेप गमावण्यापेक्षा डाग राहिलेला बरा. झूल नीट धुतली गेली का हे पाहायचं असेल, तर तिच्यावर पेलाभर पाणी ओतावं. थेंब घरंगळले तर काम चोख झालं.