वारा आणि शिडाची फळी

एप्रिल महिन्यातला रविवार होता. पहाटे चार वाजता आमची जीप बेलापूरहून निघाली. टपावर लांब फळ्या दोरीने आवळून बांधल्या होत्या. पनवेल, पेण मागे टाकत आम्ही सातच्या सुमारास अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर पोहोचलो. माझ्याबरोबर विंडसर्फिंगचे पाच शौकीन होते. मी मात्र केवळ पाहायला गेलो होतो.

विंडसर्फिंग म्हणजे शिडाच्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जाणे. मुलांनो, नवी मुंबईत आपल्याला खाडी आहे, पण तिथे हा खेळ खेळायला मोठ्या लाटा नाहीत. ओहोटीला तर चिखलच वर येतो. म्हणून या मंडळींना एवढ्या पहाटे उठून उघड्या समुद्राकडे जावे लागते.

नागावला पाणी अगदी शांत होते. जमिनीकडून मंद, थंड वारा येत होता. आमच्यातला एक मुलगा नुकताच बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. त्याला धीर धरवेना. त्याने फळी पाण्याकडे ओढायला सुरुवात केली.

"थांब!" काकांनी हाक मारली. काका नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी मूठभर कोरडी वाळू उचलली आणि हळूहळू सोडली. वाळू समुद्राकडे उडाली.

"वारा कुठे चालला आहे ते पाहिलेस?"

"पण काका, पाणी किती शांत आहे!"

"किनाऱ्याजवळ शांत आहे. आत गेलास की हाच वारा तुला आणखी आत नेईल. दुपारपर्यंत कुणी उतरायचे नाही."

मुलगा हिरमुसला. खरे सांगायचे तर मलाही काका जरा जास्तच कडक वाटले.

भूगोलाच्या तासाला तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला असाल. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे धावते. हा खारा वारा. रात्री उलट होते. जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. बोटींना इंजिने नव्हती तेव्हा कोकणचे मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत.

वाऱ्याची वाट पाहत आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. तेवढ्यात मी ती फळी नीट पाहून घेतली. फळीवर एक डोलकाठी असते. ती एका सांध्यावर बसवलेली असते. हा सांधा चारही दिशांना वाकतो आणि फिरतो. या खेळाचे सगळे मर्म त्या सांध्यात आहे. १९६८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी अशा फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांतले ड्रेक हे विमानांचे अभियंता होते. पुढे १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि १९९२ पासून तिथे स्त्रियांची स्पर्धाही होऊ लागली. २०२३ मध्ये चीनमध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवले.

"याला सुकाणू कुठे आहे?" मी विचारले.

"सुकाणू नाहीच. शीड पुढे झुकवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते."

इथे थोडे थांबतो. सुकाणू हा शब्द मूळ अरबी 'सुक्कान' आहे. नाखवा म्हणजे आपला फारसी 'नाखुदा'. दर्या, बंदर, खलाशी हे शब्द तर तुम्हाला घरचेच वाटतील. मराठी कठीण आहे, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा कोकणच्या बंदरावर जाऊन कान द्यावा!

मग मी सर्वांत अवघड प्रश्न विचारला. वारा समोरून येत असेल तर फळी पुढे कशी जाते? काकांनी पिशवीतून एक चिंचोका काढला, ओला केला आणि दोन बोटांत दाबला. तो सटकन पुढे उडाला. बोटे दाबतात बाजूंनी, चिंचोका जातो पुढे. शिडावर वाऱ्याचा दाब एका बाजूने येतो. फळीच्या खाली माशासारखा पर असतो, तो तिला आडवे सरकू देत नाही. मग तिला पुढेच जावे लागते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र जाता येत नाही. तिथे शीड नुसते फडफडते. म्हणून वाऱ्याशी तिरपा कोन ठेवून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे नागमोडी जायचे. जुने नाखवेही आपली गलबते अशीच नेत.

बाराच्या सुमारास वारा पडला. सुरूची पाने स्तब्ध झाली. थोड्या वेळाने पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. दोन वाजता धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या. समुद्रावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला. ब्यूफर्टच्या वायुमापन श्रेणीत हा चौथा अंक. त्याचा वेग ताशी २० ते २८ किलोमीटर असतो.

"आता चला," काका म्हणाले. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घातली.

पुढचे दोन तास मी वाळूत उभा राहून नुसता पाहत होतो. वेग वाढला की फळी पाण्यातून वर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. लाट आली की ती तिच्या उतारावरून उडी घेते. लाटेतले पाणी आपल्याकडे धावत येते असे वाटते, पण ते बहुतांशी जागच्या जागी गोल फिरत असते. पुढे सरकते ती लाट. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की तिचा पाया मंदावतो, माथा पुढे कलतो आणि ती फुटते. तिथेच सगळे धडाधड पडत होते आणि हसत पुन्हा चढत होते.

चारच्या सुमारास काकांनी माणसे मोजली. एक शीड कमी होते. बारावीवाला मुलगा बराच आत होता. त्याचा सांधा निसटला होता आणि शीड पाण्यात आडवे पडले होते. तो फळीवर बसून दोन्ही हात बाजूला पसरून वरखाली करत होता. मदत हवी असल्याची ही खूण सगळ्या जगात चालते. काका ओरडले, "फळी सोडू नकोस!" एवढ्या दूरवर त्याला काय ऐकू जाणार! पण त्याने फळी सोडली नाही. दोघे जण आपापल्या फळ्या घेऊन त्याच्याकडे गेले आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहिले.

त्याला कुणी ओढून आणले नाही. खारा वारा आणि लाटा त्याला हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत होत्या. पाऊण तासाने त्याचे पाय वाळूला लागले. तो थकून आमच्याजवळ येऊन बसला. काकांनी त्याला पाणी दिले. बराच वेळ कुणी बोलले नाही.

मग त्याने मूठभर वाळू उचलली आणि सोडली. ती आमच्या मागे, सुरूच्या झाडांकडे उडाली.

"काका," तो हळूच म्हणाला, "सकाळी सांधा निसटला असता तर?"

काका शीड गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दोरी धर त्या टोकाची," ते म्हणाले.