बालकाच्या पायातील लचक : निदान व उपचार यांचा क्रम

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मराठी घरांत लहान मूल खेळता खेळता लंगडू लागले की, महाराष्ट्रात इतरत्र होते त्याप्रमाणे, प्रथम आंबेहळद उगाळली जाते व मग तेल लावून पोटरी चोळली जाते. पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची समजूतही जुनीच आहे. लेप व पायाळूचा पाय बहुधा निरुपद्रवी असतात. चोळण्याविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

याचे कारण बालशरीराच्या रचनेत आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची पट्टी ही स्नायू व कंडरा यांहून दुर्बल असते. ज्या ताणाने प्रौढाचा स्नायू फाटतो, त्याने बालकाची ही पट्टीच दुखावण्याचा संभव असतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतील मुलात खरी लचक तुलनेने विरळ मानावी. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या नडगीला साध्या पडण्याने बारीक तडा जातो आणि पहिल्या क्ष-किरण चित्रात तो पुष्कळदा दिसतही नाही. पावसाळ्यातील फ्ल्यू उतरत असता दोन्ही पोटऱ्या एकदम दुखू लागल्या व मूल चवड्यांवर चालू लागले, तर तो विषाणुजन्य स्नायुदाह असण्याचा संभव मोठा. तो साधारण आठवड्यात शमतो, परंतु लघवी काळपट झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप असून मूल पाय टेकवीतच नसेल, तर सांध्यातील पू प्रथम वगळला पाहिजे. वेदना नसता पाय अकस्मात लुळा पडणे ही तर सर्वस्वी निराळी गोष्ट होय. भारतातील नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. तथापि पंधरा वर्षांखालील अशा प्रत्येक मुलाची नोंद आरोग्ययंत्रणेकडे करावीच लागते.

एवढे वगळल्यावर जी लचक उरते, ती बरी करण्याचे काम स्नायू स्वतःच करतो. स्नायुतंतूंना चिकटून असलेल्या उपग्रह-पेशी ॲलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत दाखवून दिल्या; इजेनंतर याच पेशी वाढून नवे तंतू घडवितात. पहिले दोन-तीन दिवस चोळल्याने वा शेकल्याने आतील रक्तस्राव वाढू शकतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होते, इतकेच. वेदनाशामक म्हणून वजनाच्या मानाने पॅरासिटमॉल द्यावे; ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

त्यानंतर मात्र अंथरुणावर डांबून ठेवणे अहितकारक ठरते, कारण नवे तंतू ताणाच्या दिशेनेच नीट रचले जातात. मूल आपण होऊन चालेल तितके चालू द्यावे. जिना चढणे आधी, उतरणे नंतर, हा क्रम पाळावा. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचा गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. तेथे बरे होत असलेल्या मुलास कडेवर घेऊन उतरावे व परतताना हात धरून चढू द्यावे. धावणे व उड्या सर्वांत शेवटी. सौम्य लचकीस एक ते तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात लंगडणे कमी होत गेले नाही, तर मुलाची तपासणी पुन्हा करून घ्यावी.