नाताळ एका दिवसाचा नव्हे

२५ डिसेंबर म्हटले की या नियतकालिकाच्या बहुतेक वाचकांच्या मनात महाड उभे राहते. १९२७ साली त्याच तारखेच्या संध्याकाळी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. माझ्या घरात त्या दिवशी नाताळही असतो. आम्ही नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ नंतरच्या अहिल्यानगरातले. पूर्वाश्रमीचे महार, पणजोबांपासून ख्रिस्ती. एका तारखेच्या या दोन अर्थांचे घरात काय करायचे, हा प्रश्न माझी मुलगी वाचू लागल्यापासून मला पडला आहे. त्याचे उत्तर शोधताना असे ध्यानात आले की, आपण नाताळ एका दिवसात कोंबून टाकला आहे. तो मुळात एका दिवसाचा नाही.

ख्रिस्ती पंचांगात या काळाचे दोन भाग आहेत. पहिला आगमनकाळ. २५ डिसेंबरपूर्वीचे चार रविवार त्यात येतात. त्यांतला पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो. हा वाट पाहण्याचा काळ आहे, गोडधोडाचा नव्हे. दुसरा भाग २५ डिसेंबरला सुरू होतो आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाला येऊन मिळतो. आज फ्रान्समध्ये असलेल्या तूर या गावी ५६७ साली भरलेल्या धर्मपरिषदेने हे सगळे दिवस सणाचे म्हणून मान्य केले. बाजाराने मात्र ही रचना उलटी केली. डिसेंबर लागला की केक आणि झगमगाट, आणि २५ ची रात्र सरली की सगळे आटोपले. वाट पाहणेही गेले आणि सणही गेला.

हे मी पुस्तकात वाचले ते कॉलेजात गेल्यावर. त्याआधी ते आमच्या घरात घडत होते, पण त्याला नाव नव्हते.

आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक येई, उचल घेतलेली असे, आणि मार्चपर्यंत घरात आम्ही तीन भावंडे आणि आजी. कारखान्याचे गाळप नाताळसाठी थांबत नाही. त्यामुळे २५ तारखेला आई घरी आहे, असा नाताळ मला लहानपणचा एकच आठवतो. बाकीच्या वर्षी आजी करंज्या आणि शेव डब्यात भरी, आम्हांला घेऊन एस.टी.ने फडाजवळच्या कोप्यांवर जाई. कधी २८ तारीख, कधी ३१. मुकादमाने आईला अर्ध्या दिवसाची मोकळीक दिली की तोच आमचा नाताळ. कोपीच्या दारात पाचटावर बसून आजी लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा तोंडपाठ सांगे. बाळाला गव्हाणीत ठेवले, हे शब्द आले की मी घाबरत असे. कारण मला माहीत असलेली गव्हाण कारखान्याची होती, मोळ्या गिळणारी. गुरांची गव्हाण आमच्या दारात नव्हती, गुरेच नव्हती.

गावी परतल्यावर शब्बाथशाळेतले एक शिक्षक हसून म्हणाले, “तुमचा नाताळ शिळा.” आजीला ते लागले होते. ती निरक्षर होती. तूरच्या परिषदेचे नाव तिने ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता. पण २८ तारखेचा आणि ३१ तारखेचा नाताळ शिळा नव्हता, तो अगदी वेळेवर होता. ज्यांना सुट्टी दुसऱ्याच्या मर्जीने मिळते, त्यांच्यासाठी हे बारा दिवस फार मोलाचे आहेत. कुटुंब ज्या दिवशी एकत्र येईल, त्या दिवशीही सण चालूच असतो.

मग आमच्याकडे ही जाण का नव्हती? याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली आले आणि नगरला १८३१ साली. ही माणसे न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्या परंपरेत पंचांगातल्या सणांना थारा नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणे हा दंडनीय गुन्हा होता, आणि तेथे नाताळची कायदेशीर सुट्टी सुरू झाली ती थेट १८५६ साली. ज्यांनी आमच्या पणजोबांना शुभवर्तमान दिले, त्यांच्याच शिदोरीत आगमनकाळ नव्हता. १९७० साली नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या, आणि अँग्लिकनांचे पंचांग इतरांच्याही हाती आले. तरी ते उपासनेच्या पुस्तकातून घराच्या उंबऱ्याच्या आत फारसे आले नाही.

ते आत आणायला पैसा लागत नाही. आगमनकाळात दर रविवारी एक जास्त दिवा लावण्याची चाल जर्मनीतली आहे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न हा पाळक गोरगरिबांच्या मुलांसाठी आश्रम चालवीत असे. मुले रोज विचारीत, नाताळ कधी? त्याने गाडीचे जुने चाक घेतले आणि त्यावर रोजसाठी लहान तांबड्या व रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. आज दुकानात मिळणारी ती महागडी हिरवी चक्रे याच चाकाची नातवंडे. आमच्याकडे चार पणत्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाणदिन दरवर्षी आगमनकाळातच येतो. त्या रात्रीही आम्ही पणती लावतो आणि कोणाची वाट पाहतो आहोत, याविषयी मुलीशी बोलतो. लूकच्या पहिल्या अध्यायातले मरियेचे गीतही याच दिवसांत वाचावे. सिंहासनावरच्यांचे काय होईल आणि उपाशी माणसांचे काय होईल, हे तेथे एक खेड्यातली गरोदर पोरगी निर्भीडपणे सांगते. ते वाचलेल्या घराला महाडची आग परकी वाटण्याचे कारण नाही.

२५ नंतरच्या दिवसांकडे तर आपण पाहतच नाही. २६ डिसेंबर स्तेफनाचा, दगडांनी ठेचून मारलेल्या पहिल्या हुतात्म्याचा. २८ डिसेंबर हेरोदाने मारलेल्या बालकांचा. म्हणजे ज्यांनी हे पंचांग रचले, त्यांनी जन्माच्या आनंदाला लागूनच खून ठेवला, तो झाकला नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या खर्डा गावात एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली, आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. २८ डिसेंबरला आमच्या घरी त्या मुलाचे नाव घेतले जाते. सणासुदीला हे कशाला, असे माझ्या नणंदेने विचारले होते. मी म्हटले, “अहो वन्सं, हा सणाचाच भाग आहे.”

आता एक अप्रिय गोष्ट. माझ्या माहेरच्या गावात महारवाड्यातल्या ख्रिस्त्यांचे नाताळचे जेवण वेगळे आणि मांगवाड्यातल्यांचे वेगळे असे. देऊळ एक, प्रभुभोजनाचा पेला एक, पण पंगत वेगळी. धर्मांतराने जात विरघळली काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांविषयी लिहिताना विचारला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. आपण रागावण्याऐवजी आपली पंगत तपासावी. बाहेरून अन्यायही आहेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या कक्षेत १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले, दलित ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे आमच्या नात्यात असेही एक घर आहे, की जेथे कागदाची चांदणी दाराबाहेर न टांगता आतल्या खोलीत टांगतात. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या घराला बाहेरच्या अन्यायाची झळ बसते, पंगतीचा अन्याय मात्र आपण स्वतः चालवतो.

बारा दिवस म्हटले की बायका धास्तावतात, तेही खरे. फराळ, पाहुणे, धुणी, सगळे त्यांच्याच अंगावर. सण लांबवायचा म्हणजे चूल लांबवायची नव्हे. आमच्याकडे फराळ एकदाच होतो आणि करंज्यांना मुरड घालायला घरातले पुरुषही बसतात. मुरड वाकडी येते, पण खाताना कळत नाही.

१ जानेवारीला भीमा कोरेगाव. आमचे बौद्ध शेजारी जातात, मागच्या वर्षी आम्हीही गेलो. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. ती या काळात पडते हा योगायोगच, पण नगरच्या ख्रिस्त्याने तो सोडू नये. सिंथिया फॅरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीरावांच्या मनाने घेतले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. त्या दिवशी माझी मुलगी आजीच्या बायबलमधली जन्मकथा मोठ्याने वाचते. आजीला ते पुस्तक कधी वाचता आले नाही.

६ जानेवारीला आम्ही चांदणी उतरवतो. कामट्या सोडवून, गुंडाळून माळ्यावर ठेवतो. पतंगी कागद तेवढा दरवर्षी नवा लागतो. आई आता गावीच असते. तिच्या वाटणीच्या करंज्यांचा डबा मात्र अजून ऊसतोडीला गेलेल्या माझ्या भावाकडे जातो, आणि तो पोहोचेपर्यंत आम्ही चांदणी उतरवीत नाही.