रातपाळी सुटली, ऊन डोळ्यांवर

सकाळी रातपाळी सुटली की चिंचोळी एमआयडीसीतून पुणे महामार्गावर दुचाक्या दोन दिशांना पांगतात. मोहोळकडे जाणाऱ्याच्या पाठीवर ऊन असतं, सोलापूरकडे येणाऱ्याच्या समोर. हिवाळ्यात तर थेट डोळ्यांत. घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर झोप लागणार की नाही, यात या उन्हाचाही हात असतो.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा पुंजका आहे. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, भूक, अंगाचं तापमान यांच्या वेळा ते ठरवतं आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून स्वतःला रोज जुळवून घेतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीवर प्रयोग करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. तरीही पाळीच्या झोपेबद्दल कारखान्याच्या फाटकावर जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

गैरसमज : चार महिने काढले की रातपाळी अंगवळणी पडते.
वस्तुस्थिती : कामाची सवय होते, घड्याळ मात्र बहुतेकांचं पुरतं उलटत नाही. रात्रभर जागून ते थोडं पुढे सरकतं, तोच सकाळचं ऊन आणि सुट्टीचा दिवस त्याला परत जागेवर आणतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ ने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास अशी ठरवली. त्यातला बराचसा वेळ झोपेतच जातो. उरलेल्या वेळात माणूस बायकोमुलांबरोबर दिवसाचं जगतो, आणि ते स्वाभाविकच आहे.

गैरसमज : रात्रीची झोप दिवसा भरून काढता येते.
वस्तुस्थिती : तास मोजले तरी ती पुरी पडत नाही. दिवसा घड्याळ अंगाचं तापमान वाढवत असतं, आणि गाढ झोपेला ते उतरावं लागतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्रा. म्हणून दिवसाची झोप तुटक आणि रात्रीपेक्षा बऱ्याचदा काही तासांनी कमी असते. तापमान सर्वांत खाली येतं ते पहाटे चारपाचला. मशीनवर डोळा लागतो तोही याच सुमारास, आणि त्यात आळशीपणाचा संबंध नाही.

गैरसमज : पाळी कशीही फिरवा, सारखंच.
वस्तुस्थिती : माणसाचं घड्याळ उजेडाविना सोडलं तर सरासरी २४ तासांहून थोडं जास्त चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं, लवकर झोपणं अवघड. पहिलीनंतर दुसरी, मग तिसरी, हा क्रम सोसतो. तिसरीवरून दुसरी आणि मग पहिली, हा उलटा क्रम जड जातो.

गैरसमज : जागायला चहा, झोपायला दारू.
वस्तुस्थिती : कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे पाचला घेतलेल्या कडक चहाचं अर्धं कॅफीन दहा वाजताही अंगात असतं. दारूने झोप लवकर लागते, पण पुढे तीच मोडते आणि घोरणं वाढवते.

गैरसमज : झोपेची प्रत्येक तक्रार पाळीमुळेच.
वस्तुस्थिती : पाळीशी न जुळल्याने होणारा झोपेचा विकार वेगळा. मोठ्या रजेवर गावी गेल्यावर रात्रीची झोप छान लागत असेल, तर संशय पाळीवर. रजेतही जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं, पुरेसं झोपूनही दिवसा पेंगणं चालूच असेल, तर तो झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, झोपेतच नोंदी घेऊन त्याची तपासणी होते. आणि एक सांगायला हवं : पहाटे उठवत नाही म्हणून ज्या पोराला घरचे बोलतात, त्याचं घड्याळ जन्मतःच उशिराचं असू शकतं. कॉलेजच्या वयात तर ते आणखी मागे पडतं.

मग करायचं काय? पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेडात काम करा. शेवटच्या दोनतीन तासांत चहा टाळा. सुटल्यावर गॉगल लावा. पण डोळे मिटत असतील तर गाडीला किक मारण्याआधी वीस मिनिटं डुलकी काढा. घरी खोली काळोखी करा, फोन बाजूला ठेवा आणि रोज एकाच वेळी झोपा. घरच्यांनीही दुपारी बाराला रातपाळीवाल्याची रात्रच आहे असं समजून दाराची बेल बंद ठेवावी.

कारखान्यात पंचिंग झालं की पाळी संपते. शरीराला ते कळत नाही. त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो.