‘टूल’, ‘इन्स्ट्रुमेंट’, ‘इक्विपमेंट’ : अर्थभेद, मराठी प्रतिशब्द आणि मीरा-भाईंदरमधील श्रमव्यवहार

प्रस्तावना :
मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मीरा-भाईंदर परिसरात १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. मिठागरे आणि उत्तनची मासेमारी हे येथील जुने व्यवसाय. त्यांत पुढे भाईंदर पूर्वेतील स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या लघुउद्योगांची भर पडली. या तिन्ही व्यवसायांत माणूस ज्या वस्तूंच्या साहाय्याने काम करतो, त्यांना इंग्रजीत टूल, इम्प्लिमेंट, इन्स्ट्रुमेंट, अॅपरेटस, इक्विपमेंट, गिअर, मशीन अशी निरनिराळी नावे आहेत. मराठीत भाषांतर करताना मात्र बहुतेक वेळा ‘उपकरण’ किंवा ‘साधन’ या एकाच शब्दावर काम भागविले जाते. विद्यार्थ्यांची समजूतही हे सर्व शब्द समानार्थी आहेत अशीच असते. प्रस्तुत लेखात या शब्दांतील भेद कोणत्या कसोट्यांवर उभा आहे आणि तो पुसला गेल्यास काय हानी होते, याचा विचार केला आहे.

१. वस्तूवर प्रत्यक्ष क्रिया कोण करते?
‘टूल’ म्हणजे कच्च्या मालाला स्पर्श करून त्यात बदल घडविणारी वस्तू. सुताराचा पटाशी-रंधा, लोहाराचा हातोडा ही त्याची परिचित उदाहरणे. टूल हातानेच चालविले पाहिजे असे नाही. भांड्यांच्या कारखान्यात स्टीलच्या गोल चकतीला, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘सर्कल’ला, दाब देणारी प्रेस ही ‘मशीन’ होय. ती शक्तीचे वहन व रूपांतर करते. तिच्यात बसविलेला व चकतीला पातेल्याचा आकार देणारा साचा, म्हणजेच ‘डाय’, याची गणना अभियांत्रिकी व्यवहारात टूलमध्ये होते. ‘प्रेस टूल’ ही संज्ञा त्यातूनच आली. तयार झालेले पातेले मात्र ‘युटेन्सिल’ ठरते. ‘वापरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द सिद्ध झाला असून तो मुख्यतः घरगुती वापराच्या वस्तूंसाठी योजला जातो. अशा रीतीने एकाच गाळ्यात मशीन, टूल आणि युटेन्सिल या तीन संज्ञा एकत्र नांदतात.

‘इम्प्लिमेंट’ हा शब्द टूलच्या जवळचा असला तरी त्याचा ओढा शेतीकडे आहे. नांगर, कुळव, कोळपे ही इम्प्लिमेंट्स होत. मराठीतही ‘सुताराची हत्यारे’ आणि ‘शेतीची अवजारे’ असा भेद बोलण्यात सहज पाळला जातो. ‘अवजार’ हा शब्द फारसीतून आलेला आहे, तर ‘हत्यार’ या शब्दाला शस्त्र आणि कारागिराचे साधन असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे टूलसाठी तो वापरताना संदर्भ स्पष्ट असावा लागतो.

२. बदल घडविणे की माहिती मिळविणे?
‘इन्स्ट्रुमेंट’ या शब्दाचा भर बळापेक्षा सूक्ष्मतेवर आहे. पत्र्याची जाडी मोजणारा मायक्रोमीटर किंवा नौकेवरील होकायंत्र वस्तूत बदल करीत नाही. ते माहिती देते. शल्यचिकित्सकाची सुरी वस्तुतः कापण्याचेच काम करते. तरीही नाजूक व कौशल्यपूर्ण वापरामुळे तिला इन्स्ट्रुमेंट म्हटले जाते. वाद्यालाही हीच संज्ञा लागू होते. ‘अॅपरेटस’ ही बहुधा एकटी वस्तू नसून विशिष्ट प्रयोगासाठी केलेली मांडणी असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील चंबू, शीतनळी व संग्राहक पात्र मिळून ऊर्ध्वपातनाचे अॅपरेटस तयार होते. त्यात बसविलेला तापमापक हे स्वतंत्र इन्स्ट्रुमेंट असते.

‘डिव्हाइस’मध्ये विशिष्ट हेतूसाठी योजलेली युक्ती अभिप्रेत आहे; ‘अप्लायन्स’ म्हणजे प्रामुख्याने मिक्सर, शीतकपाट यांसारखी विजेवर चालणारी घरगुती वस्तू होय.

३. एक वस्तू की समूह?
‘इक्विपमेंट’ हे कोणत्याही एका वस्तूचे नाव नाही. एखाद्या कार्यासाठी सज्ज होण्यास लागणारी सर्व सामग्री असा त्याचा अर्थ आहे. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ नौका सज्ज करणे या अर्थाच्या प्राचीन नॉर्स क्रियापदाशी जोडले जाते. उत्तनच्या किनाऱ्यावर समुद्रात जाण्यापूर्वी नौकेत जाळी, दोर, बर्फ, इंधन भरून जी सिद्धता केली जाते, ती पाहिल्यास हा मूळ अर्थ सहज ध्यानात येतो. मत्स्यव्यवसायाच्या परिभाषेत नौका हे ‘क्राफ्ट’ आणि डोल जाळ्यासारखी मासे पकडण्याची सामग्री हे ‘गिअर’ असा आणखी एक भेद केला जातो.

समूहवाचक असल्यामुळे इक्विपमेंट हे नाम इंग्रजीत अगणनीय आहे. मराठीत ‘उपकरणे’ असे अनेकवचन होत असल्याने विद्यार्थी ‘इक्विपमेंट्स’ असे लिहितात. या चुकीचे कारण व्याकरणाच्या अज्ञानाइतकेच प्रतिशब्दाच्या निवडीतही आहे. ‘सामग्री’ हा समूहवाचक प्रतिशब्द शिकविल्यास ही चूक बऱ्याच अंशी टळू शकेल.

४. शब्दभेदाचे कायदेशीर परिणाम
हा भेद केवळ कोशगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ६० नुसार कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी ऋणकोच्या काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही. त्यांत कुटुंबाची स्वयंपाकाची भांडी, कारागिरांची ‘टूल्स’ आणि ऋणको शेतकरी असल्यास त्याची शेतीची ‘इम्प्लिमेंट्स’ यांचा समावेश आहे. या मूळ तरतुदीत ‘मशीन’ हा शब्द नाही. मच्छीमाराच्या जाळ्याचा वा नौकेचाही नामोल्लेख नाही. साहजिकच भाड्याच्या गाळ्यात एका पॉलिश यंत्रावर पोट भरणाऱ्या कारागिराचे ते यंत्र टूल ठरते की नाही, हा प्रश्न त्याच्या उपजीविकेचा प्रश्न होतो. तरतुदीच्या मराठी विवरणात तिन्ही ठिकाणी ‘साधने’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या श्रमिकाला आपले संरक्षण कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळणार नाही.

करविषयक कायद्यात याच्या उलट प्रवृत्ती दिसते. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये ‘प्लांट’ या संज्ञेत जहाजे, वाहने, पुस्तके, वैज्ञानिक अॅपरेटस आणि शस्त्रक्रियेची इक्विपमेंट यांचा समावेश करण्यात आला होता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलातील स्वच्छतागृहांच्या जोडण्या व नळ यांनाही प्लांट मानले. व्यावसायिकाचे पुस्तक ‘संयंत्र’ ठरते, हे मराठी वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु व्यवसाय ज्याच्या बळावर चालतो ते प्लांट, हा व्यापक अर्थ लक्षात घेतल्यास त्याची संगती लागते. वाणिज्य शाखेत इन्स्ट्रुमेंटचा आणखी वेगळा अर्थ भेटतो. १८८१ च्या अधिनियमातील ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे धनादेश, वचनचिठ्ठी यांसारखा परक्राम्य संलेख. येथे ‘उपकरण’ हा प्रतिशब्द सर्वथा निरर्थक ठरतो.

५. प्रतिशब्दांची योजना
मराठीत शब्दांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांच्या नेमक्या योजनेची. टूलसाठी हत्यार, इम्प्लिमेंटसाठी अवजार, इन्स्ट्रुमेंटसाठी संदर्भानुसार उपकरण, वाद्य वा संलेख, अॅपरेटससाठी प्रयोगसाहित्य, इक्विपमेंटसाठी सामग्री, मशीनसाठी यंत्र, प्लांटसाठी संयंत्र आणि युटेन्सिलसाठी भांडी अशी विभागणी व्यवहार्य आहे. ‘उपकरण’ हा शब्दही मुळात इतका ढोबळ नव्हता. पळी, पंचपात्र, ताम्हन यांना आजही ‘पूजेची उपकरणी’ म्हटले जाते, म्हणजे विशिष्ट विधीसाठी ठरलेली पात्रे असा नेमका अर्थ तेथे टिकून आहे. महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत, प्रयोगपुस्तिकेत व प्रश्नपत्रिकेत ही विभागणी सातत्याने पाळली गेल्यास विद्यार्थ्यांना ती वेगळी शिकविण्याची गरज फारशी उरणार नाही.

समारोप :
वस्तूवर क्रिया करणारी ती टूल, शक्तीचे वहन करणारी ती मशीन, माहिती देणारी वा सूक्ष्म काम करणारी ती इन्स्ट्रुमेंट, प्रयोगासाठी मांडलेली ती अॅपरेटस आणि कार्यसिद्धीची एकूण सामग्री ती इक्विपमेंट, असे या विवेचनाचे सार सांगता येईल. या सीमारेषा सर्वत्र काटेकोर नसतात. रूढीने त्या बदलतातही. तथापि ज्या शहरात अनेक विद्यार्थ्यांचे पालक हत्यारे, जाळी आणि यंत्रे यांवर उपजीविका करतात, तेथे हा भेद वर्गात उदाहरणांसह शिकविणे इंग्रजी व मराठी या दोन्ही विषयांच्या अध्यापकांना सहज शक्य आहे. घरातील वस्तूचे नेमके नाव कळले की तिच्याशी निगडित असलेला हक्कही ओळखता येतो.