विश्लेषण : जिंकणारे पत्ते टाकून देणे चूक की शहाणपण? पोकरमधील ‘फोल्ड’चे गणित काय सांगते?

मे २००३. लास वेगासमधील ‘बिनियन्स हॉर्सशू’ या कॅसिनोत पोकरच्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धेची अखेरची लढत सुरू होती. ८३९ स्पर्धकांपैकी दोघेच उरले होते. सॅमी फारा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू आणि ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातला हौशी खेळाडू, पेशाने लेखापाल. एका डावात फाराने जिंकणारे पत्ते टाकून दिले आणि हातात काहीही नसलेल्या मनीमेकरने भलामोठा पॉट उचलला. पोकरच्या इतिहासात सर्वाधिक चर्चा झालेल्या ‘ब्लफ’पैकी हा एक. मग फारा चुकला का? उत्तर वाटते तितके सरळ नाही. पत्ते धरून ठेवायचे की टाकायचे, हा निर्णय कोणत्या हिशेबावर घेतला जातो?

पोकरचा डाव पुढे कसा सरकतो?

दिवाळीत किंवा गोकुळाष्टमीच्या रात्री तीन पत्ती खेळणाऱ्यांना पोकरचा गाभा ओळखीचा वाटेल. तिथे ‘चाल’ आणि ‘पॅक’, इथे ‘कॉल’ आणि ‘फोल्ड’. फरक आहे तो उघड्या पानांचा. ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि टेबलाच्या मधोमध पाच पाने उघडली जातात. ही पाच पाने सगळ्यांची. आधी तीन एकदम (फ्लॉप), मग चौथे (टर्न) आणि शेवटी पाचवे (रिव्हर). सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकतो.

प्रत्येक टप्प्यावर पैज लावता येते, समोरच्याची पैज स्वीकारता येते, वाढवता येते किंवा पत्ते टाकता येतात. त्यामुळे जिंकण्याचे मार्ग दोन. शेवटी भारी पाने दाखवणे हा एक, आणि त्याआधीच बाकी सगळ्यांना पत्ते टाकायला लावणे हा दुसरा. अवघड निर्णय जन्माला येतात ते या दुसऱ्या मार्गामुळे.

त्या डावात नेमके काय घडले?

मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती होती. फाराकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की आली. फाराची नव्व्यांची जोडी जमली, मनीमेकरच्या हाती काहीच लागले नाही. दोघांनीही पैज न लावता पुढचे पान पाहिले.

टर्नवर इस्पिकची अठ्ठी आली. फाराने ३ लाख चिप्सची पैज लावली. मनीमेकरने ती ८ लाखांवर नेली. फाराने ती स्वीकारली.

मनीमेकरची ही चाल निव्वळ थाप नव्हती. त्याच्याकडे आता इस्पिकची चार पाने होती. आणखी एक आले की फ्लश, म्हणजे तीन पत्तीतल्या भाषेत ‘कलर’. शिवाय छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी ओळ तयार होती. पंजी किंवा दश्शी आली की सिक्वेन्स पूर्ण. राजा आला तर नव्व्यांपेक्षा मोठी जोडी. त्याला न दिसलेल्या ४६ पानांपैकी इस्पिकची ९, इस्पिक सोडून पंज्या आणि दश्श्या मिळून ६ आणि राजे ३, अशी १८ पाने त्याच्या मदतीला येऊ शकत होती. म्हणजे जवळपास ३९ टक्के. समोरच्याने पत्ते टाकले तर उत्तम, नाही टाकले तरी आशा शिल्लक. याला ‘सेमी-ब्लफ’ म्हणतात.

रिव्हरवर बदामाची तिर्री आली. मनीमेकरचे काहीच जमले नाही. फाराने पैज लावली नाही. मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, ‘ऑल-इन’. तुझा फ्लश हुकला वाटते, असा अंदाज फाराने बोलूनही दाखवला. अंदाज अचूक होता. तरीही त्याने पत्ते टाकले.

कॉल करायचा की नाही, हे कसे ठरवतात?

नवशिका खेळाडू स्वतःला विचारतो, ‘मी जिंकेन का?’ जाणकार विचारतो, ‘किती वेळा जिंकलो तर हा सौदा परवडेल?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला ‘पॉट ऑड्स’ म्हणतात. हिशेब शाळकरी आहे.

समजा पॉटमध्ये १,००० रुपये आहेत आणि समोरच्याने ५०० ची पैज लावली. कॉल करायला ५०० लागतील आणि पॉट २,००० चा होईल. ५०० म्हणजे २,००० चे २५ टक्के. याचा अर्थ, चारपैकी एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. त्याहून जास्त वेळा जिंकणार असू तर कॉल, कमी असेल तर फोल्ड.

आता एकच पान उघडायचे राहिले आहे आणि फ्लशसाठी इस्पिकचे एक पान हवे आहे, असे धरू. न दिसलेल्या ४६ पानांत उपयोगाची पाने ९, म्हणजे जेमतेम २० टक्के. लागतात २५. म्हणून फोल्ड. त्याच डावात समोरच्याने ५०० ऐवजी २०० ची पैज लावली असती तर? २०० रुपये हे १,४०० च्या पॉटचे साधारण १४ टक्के. म्हणजे कॉल. पत्ते तेच, भाव बदलला म्हणून निर्णय बदलला.

टेबलावर भागाकार करत बसायला वेळ नसतो. त्यासाठी एक ठोकताळा वापरतात. एक पान उघडायचे असेल तर उपयोगाच्या पानांना २ ने गुणायचे, दोन पाने उघडायची असतील तर ४ ने. ९ पानांसाठी उत्तर येते १८ आणि ३६ टक्के. खरे आकडे २० आणि ३५ च्या आसपास आहेत. कामापुरते पुरते.

यात एक जोड असते. फ्लश जमल्यावर समोरच्याकडून आणखी पैसे निघतील अशी खात्री असेल, तर आज थोडा महाग वाटणारा कॉलही परवडतो. पण ‘नंतर निघतील’ या आशेवर केलेले कॉल हेच हौशी खेळाडूच्या तोट्याचे एक मोठे कारण असते.

मग फारा चुकला का?

मनीमेकरची शेवटची पैज पॉटपेक्षा मोठी होती, पण दुप्पट नव्हती. पॉटएवढी पैज असेल तर कॉल करणाऱ्याला ३३ टक्के वेळा बरोबर ठरावे लागते, दुप्पट असेल तर ४० टक्के. म्हणजे मनीमेकर थाप मारतो आहे याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून बरीच जास्त वाटली तरच कॉल योग्य.

फाराची नव्व्यांची जोडी तोवर दुबळी झाली होती. टेबलावर इस्पिकची तीन पाने होती, ओळीतली छक्की, अठ्ठी, नव्वी होती. फ्लश, सिक्वेन्स, दोन जोड्या, एकाच अंकाची तीन पाने, या सगळ्यांपुढे त्याची जोडी हरत होती. ती हरवू शकत होती फक्त थापेला.

कॉलच्या बाजूनेही मुद्दे होते. इस्पिकची राणी फाराच्याच हातात असल्याने मनीमेकरकडे फ्लश असण्याची शक्यता थोडी घटत होती. हुकलेले फ्लश आणि सिक्वेन्स हेही तितकेच शक्य होते. पण कॉल करून अंदाज चुकला असता तर स्पर्धा तिथेच संपत होती. पत्ते टाकले तर चिप्स शिल्लक राहत होत्या. म्हणजे निर्णय काठावरचा होता.

टीव्हीवर डाव पाहणाऱ्याला मात्र तो सोपा वाटतो. खेळाडूंची बंद पाने टेबलातील छोट्या कॅमेऱ्यांतून प्रेक्षकांना दिसत होती. फाराला दिसत होती ती फक्त स्वतःची दोन आणि मधली पाच. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याच्या या सवयीला पोकर खेळाडू ‘रिझल्टिंग’ म्हणतात. मानसशास्त्राच्या अभ्यासक आणि माजी व्यावसायिक पोकरपटू अ‍ॅनी ड्यूक यांनी ‘थिंकिंग इन बेट्स’ या २०१८ च्या पुस्तकात त्यावर विस्ताराने लिहिले आहे. निर्णय बरोबर असूनही निकाल वाईट लागू शकतो आणि उलटही.

पुढे काही वेळातच फाराकडे गुलाम-दश्शी आली आणि फ्लॉपवर गुलाम, पंजी, चौकी उघडली. गुलामांची जोडी घेऊन त्याने सगळे पणाला लावले. मनीमेकरकडे पंजी-चौकी, म्हणजे दोन जोड्या होत्या. या वेळी फाराने पत्ते टाकले नाहीत, आणि हरला. शंभर डॉलरहूनही कमी पैशांत ऑनलाइन पात्रता फेरी खेळून आलेला मनीमेकर २५ लाख डॉलरचे बक्षीस घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ जण उतरले.

ब्लफ ही हिंमत की गरज?

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ‘गेम थिअरी’वरील ग्रंथात पोकरचे एक सोपे गणिती रूप मांडलेले आहे. निष्कर्ष असा की सर्वांत भारी आणि काही सर्वांत हलक्या पत्त्यांवर पैज लावावी, मधल्या पत्त्यांवर नाही. कारण उघड आहे. फक्त भारी पत्त्यांवरच पैज लावणाऱ्याला सगळे ओळखतात आणि तो पैज लावताच पत्ते टाकून मोकळे होतात.

थापेचाही हिशेब असतो. पॉटएवढी पैज लावून केलेली थाप समोरचा निम्म्याहून जास्त वेळा पत्ते टाकत असेल तरच फायद्याची ठरते. अर्ध्या पॉटची असेल तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा. जो कधीच पत्ते टाकत नाही, त्याच्यापुढे थाप मारणे म्हणून व्यर्थ.

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिकांना १ लाख २० हजार डावांत हरवले. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवले. या प्रणालींना कोणाचा चेहरा वाचता येत नव्हता. पैज, थाप आणि फोल्ड यांचे प्रमाण नेमके राखणे, एवढेच त्यांचे बळ.

पत्ते टाकणे इतके अवघड का जाते?

पहिले कारण, पॉटमध्ये गेलेले पैसे आपले वाटत राहतात. ‘इतके घातले, आता थोड्यासाठी कशाला सोडायचे?’ पण पॉटमध्ये गेलेली रक्कम कोणाचीच नसते. ती कोणी घातली, याला वरच्या हिशेबात कुठेच जागा नाही. आता किती द्यायचे आणि किती मिळू शकतात, एवढेच उरते.

दुसरे कारण, सुरुवातीला चांगल्या वाटलेल्या पत्त्यांवर जीव जडतो. दोन एक्के सुरुवातीला दोन राजांपुढे सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. म्हणजेच पाचपैकी जवळपास एकदा हरतात. मधली पाने बदलली की एक्क्यांची जोडी ही शेवटी एक जोडीच असते.

तिसरे कारण सर्वांत महाग पडते. मोठा डाव हरल्यावर लगेच वसुलीची घाई होते आणि टाकायला हवे होते तेही पत्ते खेळले जातात. खेळाडू याला ‘टिल्ट’ म्हणतात. अशा वेळी टक्केवारी पाठ असून उपयोग नसतो.

गणित आले की पैसे मिळतातच का?

नाही. एकतर चांगल्या निर्णयाचा फायदा हजारो डावांनंतर दिसतो. एका रात्रीत नशीबच मोठे असते. दुसरे म्हणजे कॅसिनो किंवा अ‍ॅप पॉटमधून आपला हिस्सा कापून घेते, त्याला ‘रेक’ म्हणतात. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज केली तर ती तोट्याचीच येते. जिंकणाऱ्याला फक्त इतरांपेक्षा चांगले खेळून भागत नाही, रेक भरून निघेल इतके चांगले खेळावे लागते.

भारतात पोकर कौशल्याचा खेळ की जुगार, यावर न्यायालयांचीही मते वेगळी आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गोव्यातील कॅसिनोंमध्ये मात्र पोकरची टेबले आहेत.

तिथे बसणाऱ्यालाही पहिला हिशेब पत्ते हातात येण्याआधीच करावा लागतो. किती रक्कम गेली तर उठायचे, हे टेबलावर बसल्यावर नव्हे, घरून निघताना ठरवायचे. कारण हरत असताना ठरवलेली मर्यादा कधीच पाळली जात नाही.